कायद्याने वाऱ्यावर सोडलेली जनावरे

केरळ विधानसभेने ऑक्टोबर २०२५ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती सुचवणारे विधेयक मंजूर केले. रानडुकरासारखा प्राणी ‘उपद्रवी’ ठरवण्याचा जो अधिकार आज केंद्र सरकारकडे आहे, तो राज्याला मिळावा, हा या विधेयकाचा एक प्रमुख हेतू आहे. अशा मागणीमागचे दुःख खोटे नाही. रात्रभर मचाणावर जागूनही सकाळी उभे पीक आडवे झालेले पाहणाऱ्या शेतकऱ्याला भूतदयेचे धडे देण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या कोणालाही नाही. तथापि, हा एक शब्द एखाद्या प्राण्याच्या नावापुढे लागला की काय घडते, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी तो आठवणे अगत्याचे आहे.

१९७२ च्या कायद्याचे कलम ६२ केंद्राला विशिष्ट क्षेत्रापुरता आणि विशिष्ट मुदतीपुरता एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करण्याची मुभा देते. पहिल्या अनुसूचीतील प्राणी यातून वगळलेले आहेत. एरवी पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्याला मारायचे झाल्यास कलम ११ नुसार वनाधिकाऱ्याला लेखी कारण नमूद करून परवानगी द्यावी लागते. ‘उपद्रवी’ हा शिक्का बसला की ही अट गळून पडते. त्या मुदतीत तो प्राणी कायद्याच्या लेखी जणू वन्य प्राणीच राहत नाही.

१ डिसेंबर २०१५ रोजी बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांच्यावर असा शिक्का बसला. अधिसूचनेत जिल्ह्यांची यादी होती, एक वर्षाची मुदत होती. किती जनावरे मारायची, ही संख्या मात्र नव्हती. जून २०१६ मध्ये हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी मोकामा परिसरात अवघ्या काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी टिपल्या. तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारवर जाहीर टीका केली. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीवरून आणि शेतकऱ्यांच्या हितासाठी ही परवानगी दिल्याचे उत्तर दिले. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देण्यास नकार दिला. गोळ्या झाडल्या गेल्या, वाद झाला आणि विषय मागे पडला. बिहारच्या शेतातली नीलगाय मात्र गेली नाही.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण बोधप्रद आहे. ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात खाणकाम करणाऱ्यांनी मागे सोडलेली गाढवे पिढ्यान्‌पिढ्या मोकाट वाढली. ती वनस्पती ओरबाडतात, झरे तुडवतात, मूळच्या रानमेंढ्यांच्या वाट्याचे खातात, ही उद्यान प्रशासनाची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. १९२४ ते १९६९ या काळात तेथे २,८०० हून अधिक गाढवांना ठार करण्यात आले. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मोकाट घोडे आणि गाढवे यांना संरक्षण देणारा कायदा केला, पण राष्ट्रीय उद्यानांची जमीन त्याच्या कक्षेबाहेर राहिली. साहजिकच १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा बंदुका चालवण्याची योजना आली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या शिकारीनंतरही शेकडो गाढवे शिल्लक होतीच! लेखक क्लीव्हलँड ॲमोरी यांच्या ‘फंड फॉर ॲनिमल्स’ या संस्थेने या योजनेला विरोध केला. मात्र ती निषेधावर थांबली नाही. तिने हेलिकॉप्टरला झोळ्या बांधून पाचशेहून अधिक गाढवे त्या खोल दरीतून बाहेर काढली आणि त्यांना पाळणारी घरे शोधून दिली. बंदुकीला जे साधले नव्हते, ते दोन वर्षांच्या नियोजनाने बहुतांशी साधले.

आपल्याकडे हे अशक्य आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. मध्य प्रदेशातील शाजापूर जिल्ह्यात ऑक्टोबर २०२५ मध्येच दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या मदतीने हेलिकॉप्टरद्वारे कळप नरसाळ्यासारख्या कुंपणात, म्हणजे ‘बोमा’त, हाकण्यात आले आणि नऊशेच्या आसपास काळवीट व नीलगायी अभयारण्यांत हलवण्यात आल्या. हा उपाय खर्चिक आहे, सर्वत्र लागू पडणाराही नाही. तरीही शेत वाचवणे आणि जनावर वाचवणे ही दोन्ही कामे एकत्र होऊ शकतात, हे त्यातून दिसले.

नीलगाय ही घनदाट अरण्यातली रहिवासी नव्हे. ती माळरानांची आणि झुडपी रानांची. विदर्भात तिलाच रोही म्हणतात. गायराने नांगरली गेली, नदीकाठची गवताळ राने संपली आणि तिच्यावर जगणारे शिकारी प्राणीही त्या मुलखातून नाहीसे झाले. चरायला उरली ती शेते. ही परिस्थिती न बदलता दोनशे जनावरे मारली, तरी मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे कळप येणारच.

शेतकऱ्याला खरा दिलासा वेळेवर मिळणाऱ्या भरपाईत आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा समावेश खरीप २०२६ पासून करण्याचा केंद्राचा निर्णय त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नुकसानीची माहिती ७२ तासांत ॲपवर छायाचित्रासह द्यावी लागणार असल्याने, मोबाइलचे जाळे न पोहोचलेल्या गावांतही हा हक्क बजावता येईल, याची काळजी सरकारने घ्यावी. जोडीला सामूहिक कुंपणासाठी अनुदान, गायरानांचे पुनरुज्जीवन आणि नियमित गणना हवी. एवढे करूनही एखादे जनावर मारणे अटळ ठरले, तर कलम ११ चा मार्ग आजही खुला आहे. त्यात जनावर मारण्यापूर्वी एका अधिकाऱ्याला कारण लिहून त्याखाली सही करावी लागते. ही सही अनावश्यक ठरवण्याची घाई केंद्राने आणि राज्यांनी करू नये.