संसार मोबाईलनं मोडत नाहीत

जालना जिल्ह्यात पारावर बसा, एसटीत बसा, भावकीच्या बैठकीला जा. एक वाक्य ऐकू येतंच. "मोबाईल आला अन् घरं मोडली." सून माहेरी निघून गेली, मोबाईल. भाऊ भावाशी बोलत नाही, मोबाईल. म्हातारीकडे कुणी बघत नाही, मोबाईल. एवढं सोयीचं कारण हाताशी असल्यावर खरं कारण शोधायची तसदी कोण घेणार?

या समजुतीला एकेकाळी संशोधनाचाही आधार होता. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये नव्यानं इंटरनेट घेतलेली 73 घरं अभ्यासली आणि 1998 मध्ये सांगितलं, की जास्त वापर करणाऱ्यांचं घरातलं बोलणं घटलं, एकटेपणा वाढला. हा निष्कर्ष जगभर गाजला. त्याच संशोधकांनी पुढे त्याच लोकांना पुन्हा तपासलं, तेव्हा ते दुष्परिणाम बहुतेक ओसरले होते. 2002 चा हा दुसरा निबंध मात्र फारसा कुणी सांगत नाही.

म्हणजे फोन निर्दोष आहे का? तसंही नाही. 2018 मध्ये अमेरिकेत काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं, तेव्हा ते घरच्यांसोबत आणि मित्रांसोबत जास्त वेळ घालवू लागले. त्यांना बरंही वाटलं, पण थोडंसंच. क्राउट आणि मोइरा बर्क यांच्या 2016 च्या अभ्यासात, जवळच्या माणसानं खास आपल्यासाठी लिहिलेले चार शब्द मनाला उभारी देताना दिसले. इतरांच्या पोस्ट नुसत्या बघण्यात किंवा लाईक मिळण्यात तसं काही आढळलं नाही. प्रश्न फोन आहे की नाही हा नाहीच. त्यावरून आपण कुणाशी बोलतो की नुसतं बोट फिरवत बसतो, हा आहे.

आपल्याच जिल्ह्यात बघा. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावरचा मुक्काम. लेकरं आजीजवळ मागं राहिली, तर आईला त्यांचं तोंड दिसतं ते रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर. या घरात दुरावा उचलीनं आणला, कोरडवाहू शेतीनं आणला. फोन तो जमेल तेवढा भरून काढतोय.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. मोबाईलनं घर मोडतं म्हणायचं आणि काढून घ्यायचा तो फक्त सुनेचा, लेकीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) सांगतं, की देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के, पुरुष 57 टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल तेव्हा जवळपास निम्म्या बायकांकडे नव्हताच. ज्यांच्या हातात तो कमी, त्यांच्याच माथी सगळा दोष! ज्यांचा नवरा वारंवार दारू पिऊन येतो, त्या बायकांना मारहाण कितीतरी जास्त होते, हेही तेच सर्वेक्षण दाखवतं. पण दारूचं नाव बैठकीत निघत नाही. "पोरगी फोनवर बोलते, उरकून टाका" हे मात्र निघतं, आणि तेही अशा जिल्ह्यात, जिथे या सर्वेक्षणानुसार साधारण तिघींतल्या एका मुलीचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचं प्रमाण तेव्हा सुमारे 22 टक्के होतं.

आता किरकोळ गैरसमज.

"निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे मुद्दाम उत्तर दिलं नाही." खुणा एवढंच सांगतात, की संदेश उघडला गेला.

"ग्रुपवर कुणी काही टाकलं की ॲडमिन आत जातो." समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट केलं.

"नवरा-बायकोत कसला आलाय पासवर्ड?" राजीखुशीनं दिला तर प्रश्न नाही. अप्रामाणिक हेतूनं दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी नुसार गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा.

"गावातली तेढ व्हॉट्सॲपनं लावली." मराठा आरक्षणाच्या आंदोलनावेळी फेब्रुवारी 2024 मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद होतं. आरक्षणाचा प्रश्न त्याआधी होता आणि नेट सुरू झाल्यावरही उरलाच. फॉरवर्ड आग भडकवतात हे खरं, म्हणून खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. पण प्रश्न समोरासमोर बसूनच सुटेल.

सोयरीक जुळवताना मुलगी फोनवर किती असते, असं कुणी विचारलं, तर त्याला उलट विचारा: मुलगा पितो का? हात उगारतो का? मुलीचं वय किती आहे? संसार टिकेल की नाही, हे या उत्तरांवरून कळेल.