साइटवरची मॅडम

अकोल्याच्या जठारपेठेत जुना बंगला पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहणं आता रोजचंच झालं आहे. अशा साइटवर बाई दिसतेच: डोक्यावर घमेलं घेऊन रेती-गिट्टी वाहणारी रेजा. तिचं कुणालाच नवल वाटत नाही. पण नकाशाची गुंडाळी काखेत धरून एखादी तरुण आर्किटेक्ट आली आणि खिडकीच्या लिंटेलला टेप लावून माप घ्यायला लागली, की मिस्त्री हळूच विचारतो, ‘मॅडम, साहेब कधी येणार?’

साहेब येणार नसतात. मॅडमच साहेब असतात. ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे, फक्त पचायला फार वेळ लागतो आहे. पेरीन जमशेटजी मिस्त्री यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमधून १९३६ साली वास्तुकलेची पदविका घेतली. असं शिक्षण पुरं केलेल्या त्या भारतातल्या पहिल्या महिला मानल्या जातात. पुढच्याच वर्षी त्या वडिलांच्या ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार’ या फर्ममध्ये भागीदार झाल्या. कार्मायकल रोडवरचा बंगला त्यांचा, कंबाला हिलवरचं सेंट स्टीफन चर्च त्यांचं आणि बोरिवलीची खटाव मिलही त्यांचीच.

मिलचा उल्लेख मुद्दाम केला. बाई आर्किटेक्ट म्हटली की लोक तिला इंटिरियरचं काम द्यायला लगेच तयार होतात. पडद्यांचे रंग आणि ओट्याची उंची तिने ठरवावी, पाया आणि स्लॅब तिच्या नवऱ्याने किंवा भागीदाराने. ‘बायकांना घरातलं जास्त कळतं’ हे कौतुक वाटतं खरं, पण त्यानेच तिला माजघरात बसवून ठेवलं आहे.

वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांनी ते माजघर कधीच मान्य केलं नाही. १९४९चा जन्म, शिक्षण जे. जे.मध्ये आणि नंतर अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात. सत्तरच्या दशकात त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. ‘सोमाया अँड कलप्पा’ या फर्मच्या नावातलं दुसरं नाव त्यांच्या बहिणीचं, रंजिनी कलप्पा यांचं. पुढे लेक नंदिनीही याच फर्ममध्ये आली.

त्यांच्या कामाची यादी लांबलचक आहे. त्यातली तीनच घेऊ. मुंबईत कफ परेडजवळ जिथे कचरा टाकला जायचा, तिथे त्यांनी ‘कुलाबा वुड्स’ ही बाग उभी केली. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर कच्छमधलं भाडली गाव त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा वसवलं. तिसरं काम अहमदाबादच्या आयआयएममधलं. तिथलं वास्तुरचनाकार लुई कान यांनी बांधलेलं विटांचं ग्रंथालय आतून दुखत होतं. विटकामात घातलेल्या सळया गंजल्या. गंजलेलं लोखंड फुगतं, त्यामुळे विटांना भेगा जातात आणि त्यांच्या कपच्या उडतात. वरून गिलावा मारून भागणारं हे दुखणं नव्हे, कारण कान यांच्या इमारतीत वीट उघडीच ठेवलेली आहे. सोमाया यांच्या फर्मने हे ग्रंथालय दुरुस्त केलं आणि २०१९ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला.

तरीही त्यांचं एक वेगळंच काम इमारतींइतकंच मोलाचं वाटतं. फेब्रुवारी २०००मध्ये मुंबईत ‘विमेन इन आर्किटेक्चर २००० प्लस’ ही परिषद आणि प्रदर्शन भरलं. दक्षिण आशियातल्या महिला वास्तुरचनाकारांचं काम तिथे एकत्र मांडलं गेलं. भाषणं हवेत विरू नयेत म्हणून सोमाया आणि ऊर्वशी मेहता यांनी त्याचं ‘ॲन इमॅन्सिपेटेड प्लेस’ हे पुस्तकही काढलं. नोंद ठेवणं हा वरवर कारकुनी उद्योग वाटतो. पण नोंद नसली की काम एकीचं आणि नाव दुसऱ्याचं, असं सहज होतं.

परदेशातही काही वेगळं नव्हतं. डेनिस स्कॉट ब्राउन आणि रॉबर्ट व्हेंचुरी हे वास्तुरचनाकार जोडपं बरोबरीने काम करायचं. १९९१चा वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मात्र एकट्या व्हेंचुरींना मिळाला. २०१३ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी ही चूक सुधारावी म्हणून अर्ज केला. त्यावर हजारोंनी सह्या केल्या, खुद्द व्हेंचुरींनीही. पुरस्कारवाल्यांनी नकार दिला. स्वतःच्या नावावर प्रित्झकर मिळवणारी पहिली स्त्री झाहा हदीद. तेही २००४ साली.

शिक्षणाचं दार आपल्याकडे उघडलं, हे मान्य करायला हवं. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी सुरू केलेल्या कामातून वाढलेल्या संस्थेने पुण्यात १९९४ साली फक्त मुलींसाठी आर्किटेक्चरचं कॉलेज काढलं, भानुबेन नानावटी यांच्या नावाचं. अडतं ते पुढे. स्लॅबचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं, लेकरू लहान असतं, आणि साइटवर स्वच्छतागृह नसतं. ही शेवटची अडचण फारच साधी आहे, म्हणूनच तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६च्या कायद्यात स्वच्छतागृहाची तरतूद होती. पण अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, रेजाही पाणी जपून पिते आणि आर्किटेक्टही.

तेव्हा घर बांधायला काढाल तर दोन गोष्टी करा. काम सुरू होण्याआधी साइटवर दार-कडीचं, पाण्याचं स्वच्छतागृह बांधून घ्या. आणि आर्किटेक्ट निवडताना कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी आहे का, एवढं बघा. १९७२च्या कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला ती नोंदणी लागते. साहेब की मॅडम, हे कायदा विचारत नाही.