खिडकीतली बाग

बाग म्हटले की डोळ्यांपुढे अंगण येते, परसदार येते, विहिरीवरचा रहाट येतो. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांनी बागेचा नाद करावा का? पनवेलजवळच्या कोन गावात राहायला आल्यापासून मी याचे उत्तर हाताने शोधते आहे.

कोनमधल्या गिरणी कामगारांच्या २,४१७ घरांची सोडत २०१६ साली निघाली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर. माझे वडील लूमखात्यात होते. त्यांच्या हक्काचे घर आमच्याकडे आले. लालबागच्या चाळीत आमची बाग म्हणजे तुपाच्या डब्यातली तुळस. इथे पश्चिमेची एक खिडकी मिळाली.

पहिले काम उन्हाचा हिशेब मांडण्याचे. मिरची, वांगी, टोमॅटो यांना रोज पाच-सहा तास तरी ऊन लागते. तीनच तास मिळत असेल तर पालक, पुदिना, अळू, गवती चहा लावावा. नर्सरीतले देखणे रोप आणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, तर दोष रोपाचा नसतो.

दुसरे काम मातीचे. नुसती माती जड असते. वरच्या मजल्यावर ती चढवायची कशी आणि खिडकीला तो भार पेलायचा कसा? कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून हेच सांगितले की पालापाचोळ्यातून माती घडवता येते. त्या वाटेने तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाज्या आणि फळझाडे वाढवली, तीही तिथल्याच ओल्या कचऱ्यावर.

आपल्याला एक जुनी बादली पुरते. तळाला आणि बाजूंना भोके पाडा. ओल्या कचऱ्याच्या एका थराला सुक्या पानांचे दोन-तीन थर, असे रचत जा. आठवड्यातून एकदा वर-खाली करा. वास आला तर समजा ओल जास्त झाली. आणखी सुकी पाने घाला. मुंग्या दिसल्या तर ते कोरडे पडले आहे, पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. इमारतीखाली बदामाची पाने जाळायला गोळा करतात, ती मी पिशवी भरून मागून आणते.

पावसाची गोष्ट वेगळी. रायगड जिल्ह्यात चार महिन्यांत जवळपास ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जूनपूर्वी कुंड्यांची तळाची भोके मोकळी करावीत, नाहीतर मुळे कुजतात. कुंडीखालच्या बशीतले पाणी तर बारा महिने आठवड्याला ओतून टाकायलाच हवे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंड्या जाळीच्या आत, घट्ट बांधून ठेवाव्यात. खाली माणसे वावरतात.

यातून भाजीचा खर्च फारसा वाचत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मग मिळते काय? आमच्या मजल्यावर कुणी लालबागचे, कुणी वरळीचे, कुणी परळचे. सोडतीने एकत्र आणलेली माणसे. आरंभी कुणी कुणाला ओळखत नव्हते. पुदिन्याची एक काडी मागायला शेजारीण आली आणि दार पहिल्यांदा पूर्ण उघडले. आता अळूची पाने इकडून जातात, मोगऱ्याची फांदी तिकडून येते. कुणी गावी गेले की कुंड्यांना पाणी दुसरे घालतात. घराचा ताबा किल्लीने मिळतो, शेजार मात्र असा लावून वाढवावा लागतो.

दुसरे म्हणजे, सकाळी उठून काहीतरी आपली वाट पाहते आहे, ही भावना. निवृत्तीनंतर ती किती मोलाची असते, हे त्या वयात पोहोचलेल्यांनाच विचारा.

सुरुवात समुद्रमेथीने करा. मुंबईत समुद्रकाठच्या रेतीत पिकणारी ही इवलीशी जुडी सगळ्यांच्या ओळखीची. भोके पाडलेल्या पसरट ट्रेमध्ये चार बोटे स्वच्छ रेती घ्या, डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरा, वर रेतीचा पातळ थर द्या आणि रोज पाणी शिंपडा. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात, दोन आठवड्यांत भाजी तयार. पहिल्या खेपेला दोन ट्रे पेरा. एक घरासाठी, एक शेजारी द्यायला.