टार्डबिगची चढण

नॅरोबोटची रुंदी ठरली ती अठराव्या शतकात. मध्य इंग्लंडमधल्या कालव्यांवर तेव्हाच्या इंजिनिअरांनी बोटींना वर-खाली नेणारे जेमतेम सात फूट रुंदीचे लॉक बांधले, म्हणून आजही ही बोट सहा फूट दहा इंचांपुढे जात नाही. लांबीला सत्तर फुटांपर्यंत मुभा आहे. मी ऑक्टोबरमधला एक दिवस जिच्यावर काढला ती बोट सत्तावन्न फुटी. मालकीणबाई निवृत्त नर्स. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी एकाच वॉर्डात काम केलेलं. सोबतीला टॉफी नावाची बॉर्डर टेरियर कुत्री. मुक्काम होता ब्रॉम्सग्रोव्ह गावाच्या बाहेर, स्टोक पाउंडला, टार्डबिगच्या लॉकांच्या पायथ्याशी.

दिवस सुरू होतो टॉफीच्या सांगण्यावरून. सहा वाजता ती पलंगाच्या कडेला पुढचे पाय टेकते आणि बघत राहते. बाई आधी शेगडीकडे वळतात. रात्री कोळशावर राख ओढून ठेवलेली असते. ती झाडून खालची झडप उघडली की पाच-दहा मिनिटांत निखारा धरतो. हा कोळसा कमी धुराचा, वीस-पंचवीस किलोच्या पोत्यांत मिळतो आणि पोती बोटीच्या छपरावरच रचलेली असतात. शेगडीपासून थोड्या अंतरावर कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा आहे. त्याचं बटण दाबून तो वाजतो का, हे बाई बघतात. बंद खोलीत शेगडी धुमसली तर काय होतं, हे आम्ही दोघींनी वॉर्डात पाहिलेलं आहे.

मग टॉफीला पायवाटेवर फिरवायचं. एके काळी याच वाटेवरून घोडे बोटी ओढत. आता तिथे पळणारी, सायकलवाली, गळ टाकून बसलेली माणसं असतात. गळवाल्यांजवळून जाताना बाई पट्टा आखडता घेतात, कारण गवतात पडलेला गळ कुत्र्याच्या तोंडात अडकू शकतो. उन्हाळ्यात पाण्यावर निळसर-हिरवं शेवाळ साठलं की टॉफीला काठाला तोंडही लावू देत नाहीत. त्याचं विष कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. परतल्यावर दारातच चारी पंजे पुसायचे. इतक्या अरुंद घरात एक चिखलाचा पाय म्हणजे सगळं घर झाडणं आलं.

इंजिन सुरू करण्याआधी तेल बघायचं, आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मागच्या टोकातून बाहेर जातो तिथल्या ग्रीसच्या कपाला एक पीळ द्यायचा, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. नंतर दोर सोडायचे, खुंटे उपटायचे. सुकाणू मागे असतं आणि उलटं चालतं: दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. बोट मधोमध फिरते, त्यामुळे नाकावर लक्ष ठेवताना मागची बाजू काठाला घासणार नाही ना, हेही बघावं लागतं. वेगमर्यादा ताशी चार मैल. बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर लाटेनं त्यांचे खुंटे उखडतात.

वूस्टर-बर्मिंगहॅम कालवा 1815 मध्ये पूर्ण झाला आणि टार्डबिगची चढण हा त्याचा सगळ्यात अवघड तुकडा. सव्वादोन मैलांत तीस लॉक, क्रमांक 29 ते 58, आणि एकूण चढ 220 फूट. ब्रिटनमध्ये लॉकांची याहून मोठी ओळ नाही. बोटवाले हिची तयारी आदल्या रात्रीपासून करतात: लवकर जेवतात, लवकर निजतात.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला विटांचा खोल हौद. वर जायचं असेल तर हौद रिकामा हवा. बोट आत घ्यायची, मागचे दोन दरवाजे लावायचे, मग वरच्या बाजूच्या झडपा उघडून पाणी आत सोडायचं. झडपा उघडतात विंडलास नावाच्या काटकोनी लोखंडी हँडलनं. दात्यांच्या चाकाला खिट्टी असते; ती बसली आहे ना, हे बघूनच हँडलवरचा हात काढायचा. खिट्टी सुटली आणि हँडल गरगरलं तर मनगट मोडतं. झडप आधी अर्धीच उघडायची, कारण पाणी एकदम घुसलं तर बोट मागेपुढे आपटते. बाई इंजिन हळू पुढच्या गिअरात ठेवून बोटीचं नाक पुढच्या दगडी उंबऱ्याला टेकवून धरतात, आणि बोट भिंतीला घासत सरळ वर येते. त्या सुकाणू सोडत नाहीत, मी विंडलास सोडत नाही.

आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येईपर्यंत दरवाजा हलत नाही. कितीही जोर लावा. मग एका क्षणी दरवाज्याच्या तुळईला पाठ लावून पाय रोवले की टनभर वजनाचं लाकूड अलगद सरकायला लागतं. इथे ताकदीपेक्षा वेळ ओळखणं मोठं आहे. पाण्याची सळसळ थांबते, दरवाज्याच्या फटीतला पाझर बंद होतो, ती खूण.

एका लॉकभर पाणी म्हणजे लाखभर लिटर. एक बोट वर चढवायला इतकं पाणी खालच्या टप्प्यात जातं. म्हणून समोरून बोट खाली येत असेल तर थांबायचं: ती रिकामा करून देते तो लॉक आपल्या कामी येतो आणि पाण्याचा एक हौद वाचतो. दुपारी अशी एक बोट भेटली. दोन्हीकडच्या माणसांनी पुढचे किती लॉक तयार आहेत ते एकमेकांना सांगितलं, कुत्र्यांनी एकमेकांना हुंगलं, आणि पुढचे काही लॉक आम्हाला उघडेच मिळाले.

टॉफी या सगळ्यात माझ्याबरोबर काठावर. दोन लॉकांमध्ये ती पुढे चालते. लॉकजवळ आलं की तिला कुंपणाला बांधायचं, काठापासून लांब. हौदाच्या भिंती उभ्या आणि शेवाळलेल्या; आत पडलेल्या कुत्र्याला पंजा टेकायला जागा नसते. तिच्या अंगात पाठीवर मूठ असलेलं लाइफजॅकेट असतं, म्हणजे पडलीच तर आकड्याच्या काठीनं उचलता यावं. दहाएक लॉकांनंतर बांधायची गरजही उरली नाही. विंडलासचा खडखडाट ऐकला की ती आपणहून कुंपणाशी जाऊन बसत होती.

सगळ्यात वरचा लॉक तीस लॉकांमध्ये वेगळा. बाकीचे सरासरी सात फूट चढवतात, हा चौदा फूट. कारण इथे आधी लॉक नव्हताच: पाणी वाचवण्यासाठी 1808 च्या सुमाराला बोट उचलणारं यंत्र बसवून पाहिलं होतं. रोजच्या वर्दळीला ते टिकेल असं वाटेना, म्हणून त्या जागी हा खोल लॉक बांधला. त्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एल. टी. सी. रोल्ट यांची ‘क्रेसी’ ही बोट बांधलेली असे. त्यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक 1944 मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचून रॉबर्ट ऐकमन 1945 मध्ये त्यांना इथे भेटायला आले आणि पुढच्या वर्षी कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. त्या काळी मालवाहतूक आटत चालली होती, अनेक कालवे बुजवण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. आज आम्ही बोट वर आणली, याचं श्रेय मी त्या भेटीला मनापासून देते.

टार्डबिगच्या धक्क्यावर नळ आहे. टाकी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात संडासाची पेटी ओतून, धुऊन आणायची. हे काम कुणी टाळत नाही आणि त्याबद्दल कुजबुजतही नाही. बोटीवर राहणाऱ्याला आपण किती पाणी वापरलं, किती वीज जाळली, किती घाण केली, याचा नेमका हिशोब हातांना ठाऊक असतो. मला हे जगणं आवडतं ते यासाठी. घरात नळ सोडताना मला कधी टाकीचा तळ आठवत नाही. बाईंना भांडी घासताना आठवतो.

कायमचा धक्का न घेता राहणाऱ्यांना एका जागी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. 1995 च्या कायद्यानं तसं बंधन घातलं आहे. म्हणून बाईंची डॉक्टरची तारीख, टॉफीची लस, कोळशाच्या बोटीची फेरी, सगळं एका वहीत, वॉर्डातल्या चार्टसारखं आखलेलं. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात. त्या तारखाही तिथेच. सुखाचं आयुष्य आहे, पण सुट्टीचं नाही. वयाबरोबर तुळया जड होतील, हेही त्यांनी मला सरळ सांगितलं.

बर्मिंगहॅमला येणाऱ्यांनी ब्रॉम्सग्रोव्ह स्टेशनला उतरून ही चढण जरूर चालून बघावी. पायवाट सगळ्यांना मोकळी आहे, तिकीट नाही. कुत्रा असेल तर लॉकजवळ पट्ट्यात ठेवा. आणि एखादी बोट एकट्या माणसाची दिसली, तर आधी विचारा आणि दरवाज्याला हात लावा. सहसा कुणी नाही म्हणत नाही.