पथ्य उपासमारीचं नको, स्वच्छतेचं हवं

एखाद्या लेकराला रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया झाला, की भेटायला येणारी प्रत्येक जण एक पथ्य सांगून जाते. "अंडं उष्ण पडतं," "केळ्यानं सर्दी होईल," "डाळ पचायची नाही." आई आधीच घाबरलेली, ती सगळ्यांचं ऐकते. शेवटी ताटात उरतो नुसता पातळ भात, आणि पोर आणखी खंगतं.

लहान मुलांच्या कर्करोगांत हा आजार सगळ्यात जास्त दिसतो. वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले तर बरीच मुलं बरी होतात. पण उपचार बहुतेक वेळा दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढी औषधं सोसायला अंगात ताकद हवी. मूल अशक्त असेल तर त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो, औषधाचा डोसही पुढे ढकलावा लागतो.

काय द्यावं?

- रोज डाळ, उसळ, दूध आणि खात असाल तर पूर्ण उकडलेलं अंडं.
- केमोच्या दिवसांत मळमळतं, भूक मरते. तेव्हा दर दोन तासांनी अर्धी वाटी द्या. जबरदस्ती नको.
- तोंड आलं असेल तर तिखट-आंबट बंद. मऊ मुगाची खिचडी, नाचणीची खीर कोमट करून, वरून चमचाभर तूप.
- स्टिरॉइडच्या गोळ्यांनी उलट भूक खूप वाढते. त्या वेळी पुड्यातले कुरकुरे, फरसाण, गोड नको. घरचीच भाकरी, वरण, भाजी द्या.

खरं पथ्य कोणतं?

औषधांनी पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून साध्या जंतूंशीही शरीर लढू शकत नाही. त्यामुळे:

- अन्न ताजं शिजवलेलं आणि गरम असावं. शिळं आणि उघड्यावरचं नको.
- पाणी उकळून गार केलेलं, दूधही उकळलेलं.
- कच्ची कोशिंबीर नको. केळं, मोसंबी अशी सोलून खायची फळं धुऊन द्या.
- रांधण्याआधी, भरवण्याआधी साबणानं हात धुवा.
- दही-ताक चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

पपईच्या पानांचा रस, काढा, लोहाचं किंवा ताकदीचं टॉनिक मनानं देऊ नका. काही टॉनिकं केमोच्या औषधांच्या आड येतात.

ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.

गटानं काय करावं?

भेटायला जाताना बिस्किटाचे पुडे नेण्यापेक्षा मूगडाळ, अंडी, नाचणी न्या. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. आई लेकराला घेऊन शहरातल्या दवाखान्यात असते, तेव्हा मागं राहिलेल्या भावंडांच्या जेवणाची पाळी लावून घ्या. गटातून प्रवासासाठी तातडीचं कर्ज द्या, म्हणजे पैशापायी उपचार अर्धवट सुटणार नाहीत.

आणि पुढच्या वेळी कुणी "अंडं देऊ नको" म्हणालं, तर तिला सांगा, "ताई, अंडं बंद करायचं नाही, नीट उकडून द्यायचं."