सायरसची कबर आणि विदर्भातील शिळावर्तुळे

इराणात पासारगादे येथे सम्राट सायरसची कबर आहे : दगडी पायऱ्यांचा चौथरा, वर घरासारखी खोली. तो इ. स. पूर्व ५३० मध्ये मेला, नाव राहिले. त्याच्याही आधीपासून विदर्भात माणसे दगडांची वर्तुळे रचून मृतांना पुरत होती. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या खैरवाड्यालाही ती आहेत. नागपूरजवळच्या माहुरझरीला १९७०-७२ च्या उत्खननात तांब्याचे अलंकार घातलेले घोडे निघाले. पुढे नायकुंडच्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी. नाव कुणाचेच नाही.

काही मित्र घाईने म्हणतात, हे आमचेच पूर्वज. हाडांवर जात कोरलेली नसते! घोड्यासह पुरलेला बडा असणार, एवढे उघड आहे. भट्टी पेटवणारा वर्तुळात पुरला गेला की बाहेर, हे उत्खनकांना विचारायला हवे.