खोक्याची साक्ष

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दर्शनाला ठेवली गेली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा पोलादावर होत्या. पण ही नखं कोणाची, याबद्दल पोलाद स्वतः काहीच सांगत नाही. जे काही सांगते ती पेटी. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ही नखं आली. तो मायदेशी परतल्यावर स्कॉटलंडमध्ये त्यांच्यासाठी पेटी बनवली गेली, आणि ती नखं शिवाजी महाराजांची असल्याचं व पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाल्याचं त्या पेटीवर लिहिलेलं आहे. महाराजांनी वापरलेलं शस्त्र ते हेच, याची खात्री देता येत नाही, असं लंडनचं संग्रहालयही म्हणतं. तरीही सगळी चर्चा ज्या धाग्यावर उभी आहे तो धागा पेटीवरच्या त्या मजकुराचाच. पेटी वाटेत हरवली असती, तर अशा कितीतरी वाघनखांपैकी हे एक, एवढीच त्याची नोंद उरली असती. जुनी खेळणी जमवणारी माणसं पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी एवढा जीव का टाकतात, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचं उदाहरण साताऱ्यात सापडणार नाही.

खेळण्यांच्या जगभरच्या बाजारात खोक्याला मान मिळाला तो आधी टंचाईमुळे. मूल खेळणं ठेवतं आणि खोकं फाडून टाकतं, त्यामुळे पन्नास वर्षांनी खेळणी बऱ्यापैकी सापडतात, खोकी क्वचित. त्यातून काही खेळण्यांची ओळखच खोक्यात होती. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या १९५३ पासून काड्यापेटीसारख्या दिसणाऱ्या डबीत विकल्या गेल्या आणि नावही त्या डबीचंच पडलं. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या नाताळापर्यंत तयार होणार नाहीत हे दिसल्यावर अमेरिकेच्या केनर कंपनीने बाहुल्या नंतर घरपोच देण्याचं वचनपत्र पाकिटात घालून दुकानांत विकलं, म्हणजे खेळणं येण्याआधी वेष्टनच विकलं गेलं. आता तर खेळणं आणि वेष्टन तपासून शंभरपैकी गुण देणाऱ्या संस्था आहेत. कोपरा दबलेला, पारदर्शक खिडकीला चीर, झाकणावर पेनाने लिहिलेली किंमत, अशा प्रत्येक गोष्टीचे गुण कापले जातात. इथेच या पद्धतीचा पाया चुकतो, असं मला वाटतं. खोक्याची किंमत ते किती कोरं आहे यावर ठरते. ती ते किती बोलतं यावर ठरायला हवी.

भारतीय खोकं तर फार बोलतं. किमतीपुढे ‘न. पै.’ असेल, तर ते १९५७ ते १९६४ मधलं, कारण दशमान नाण्यांना ‘नवे पैसे’ तेवढीच वर्षं म्हणत. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी आली. ‘सर्व करांसहित कमाल किंमत’ हे शब्द १९९० नंतर रूढ झाले, त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापलेलं असे. पत्ता ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, यावरून १९९५ च्या अलीकडचं की पलीकडचं याचा अंदाज येतो. यातलं फारसं काही खेळण्याच्या पत्र्यावर नसतं. कलकत्त्यात ‘निकी’ नावाने निघालेल्या गाड्या इंग्लंडच्या ‘डिंकी’ गाड्यांच्या जुन्या साच्यांतून ओतलेल्या होत्या. साचा तोच असल्यावर गाडीच्या आकारावरून फरक करणं अवघड. अशा वेळी बुडावरचं आणि खोक्यावरचं नाव कामाला येतं. आता समजा, अशाच एखाद्या खोक्यावर साताऱ्याच्या मोती चौकातल्या किंवा सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानाचा शिक्का आहे आणि शेजारी शाईने किंमत खरडली आहे. गुण देणारा परीक्षक याला डाग म्हणेल. पण कोणतं खेळणं कोणत्या गावात केवढ्याला विकलं जात होतं, याचा दुसरा पुरावा आपल्याकडे बहुधा नसतोच. मी तरी ते डागाळलेलं खोकं कोऱ्यापेक्षा वरचं मानेन.

यावर पहिला आक्षेप असा की खोकं खोटं बोलू शकतं. खरंच आहे. जुन्या खोक्यांची हुबेहूब नक्कल आज सहज छापून मिळते, उघडलेला पुडा पुन्हा सीलबंद करता येतो, एका खेळण्याचं खोकं दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येतं. वाघनखांच्या पेटीवरचा मजकूरही पेटी करवून घेणाऱ्याचं म्हणणं सांगतो, एवढंच. पण साक्षीदार खोटं बोलू शकतो म्हणून कोणी साक्ष घेणं थांबवत नाही, उलटतपासणी करतो. छपाईची पद्धत, पुठ्ठ्याचा पोत आणि वर सांगितलेल्या तारखा एकमेकींशी जुळतात का हे पाहावं लागतं. नवंकोरं, काहीच न लिहिलेलं खोकं उलटतपासणीला सगळ्यात कमी जागा देतं.

दुसरा आक्षेप मनाला अधिक लागणारा आहे. खेळणं खेळण्यासाठी असतं, मग खोक्यात कोंडलेलं, कोणाचाही हात न लागलेलं खेळणं थोर कसं? हा आक्षेप मला मान्य आहे. झिजलेला रंग, दोऱ्याने बांधलेलं चाक, खालच्या बाजूला खिळ्याने कोरलेलं मुलाचं नाव हीसुद्धा नोंदच आहे, आणि ती सीलबंद खेळण्याकडे कधीच नसते. शिवाय सील खेळण्याचं नेहमी भलं करतं असंही नाही. मऊ प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य वर्षांनुवर्षं बाहेर झिरपत राहतं आणि बंद वेष्टनात ते चिकट होऊन बसतं. पुठ्ठा ओल धरतो. महाबळेश्वर, पाटणकडच्या पावसात दमट खोक्यातला पत्रा उघड्यावरच्या पत्र्याच्या आधी गंजू शकतो. खोकं जपायचं ते खेळण्यापासून वेगळं, कोरड्या जागी.

पण सातारा-सांगलीतल्या संग्राहकाला खरी अडचण वेगळीच आहे. इथल्या आपल्या खेळण्यांना खोकं कधी नव्हतंच. बेंदराला कुंभाराकडून येणारी मातीची बैलजोडी, दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे आणि तोफा, पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या जत्रेतली पिपाणी, भिरभिरं, लाकडी गाडा, हे सगळं पाटीतून सुटं विकलं गेलं. सावंतवाडीच्या गंजिफांना निदान रंगवलेली लाकडी पेटी असते आणि पेटीवरची चित्रकारी पत्त्यांशी नातं सांगते. मावळ्याच्या नशिबी वर्तमानपत्राचा कागद. बाजाराचा नियम लावला, तर या खेळण्यांना शून्य गुण मिळतील, आणि मिळतातही. म्हणूनच ती कोणी फारशी जपत नाही.

खोकं ही साक्ष आहे असं मानलं, की हाच वर्तमानपत्राचा कागद मोलाचा ठरतो. दिवाळी संपल्यावर मावळे ‘ऐक्य’च्या किंवा ‘पुढारी’च्या पानात गुंडाळून माळ्यावर टाकले, तर त्या पानावर तारीख आहे, आवृत्ती आहे. कागद बांधणीची तारीख सांगतो, घडणीची नाही, हे लक्षात ठेवायचं. पण मावळा त्या दिवसाच्या आधीचा आहे, एवढं त्यावरून बहुधा धरता येतं. जुनी खेळणी उघडताना सगळ्यात आधी केरात जातो तो हाच कागद. तो खेळण्याभोवती तसाच ठेवणंही बरं नाही, कारण वर्तमानपत्राचा स्वस्त कागद जुना होतो तसा आम्ल बनतो आणि रंगाला बाधतो. सपाट करून वेगळ्या पाकिटात घालावा, आणि कोणत्या खेळण्याला तो गुंडाळला होता हे पाकिटावर पेन्सिलीने लिहावं.

जिथे कागदही नाही तिथे साक्ष आपणच तयार करायची असते. औंधच्या भवानी संग्रहालयासारख्या ठिकाणी वस्तू दाखल होते तेव्हा ती कुठून आली हे नोंदवावं लागतं. घरच्या संग्राहकाने तेवढंच एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. बैलजोडी कोणत्या गावच्या कुंभाराकडची, कोणत्या वर्षीच्या बेंदराची, केवढ्याला, कच्ची की भाजलेली, आणि घरात तिच्याशी कोण खेळलं. विकत घेणाऱ्या आजी-आजोबांना हे अजून आठवतं, म्हणून हे काम आताच करायला हवं. चिठ्ठीचा आणि खेळण्याचा फोटो काढून एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवावी. कारण घरातली एकच प्रत पुरातही जाऊ शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने सुमारे ५७ फूट गाठले आणि सांगली नगर वाचनालयाच्या पुस्तकांचा पाण्याने लगदा केला. नदीकाठच्या घरात कच्च्या मातीचा बैल तर पहिल्याच पाण्यात विरघळणार.